डिझेल गाडीचा इनटेक मॅनिफोल्ड घरी उतरवून साफ करायचा आहे, काय सांभाळावे?

प्रश्न: नवा_पाना

माझ्याकडे चार सिलिंडरची टर्बो डिझेल गाडी असून ती आतापर्यंत १,३०,००० किलोमीटर चालली आहे. गेल्या काही महिन्यांत तिचा पिकअप हळूहळू कमी होत गेला. चढावर तिसऱ्या गियरमध्ये ॲक्सिलरेटर पूर्ण दाबला तरी ती पूर्वीसारखी उठत नाही, मागे काळा धूर सोडते आणि जागेवर उभी असताना इंजिन किंचित थरथरते. चेक इंजिनचा दिवा लागल्यावर स्कॅनर जोडून पाहिले, तेव्हा पी०४०१ हा कोड निघाला. म्हणजे ईजीआरच्या वाटेने जेवढा धूर परत इंजिनात यायला हवा, तेवढा येत नाही. एअर फिल्टर आणि डिझेल फिल्टर वेळच्या वेळी बदललेले आहेत. टर्बोपासून इंटरकूलरपर्यंतच्या नळ्याही तपासल्या, त्या कुठे फाटलेल्या नाहीत.

परवा थ्रॉटल बॉडीचे (हवेची वाट उघडणारा-मिटणारा भाग) चार बोल्ट काढून ती बाजूला केली आणि आत इनटेक मॅनिफोल्डमध्ये (सिलिंडरांना हवा वाटून देणाऱ्या नळ्यांच्या भागात) टॉर्च मारून पाहिले. जिथे दोन बोटे सहज जायला हवीत, तिथे करंगळीपुरतीच वाट उरली आहे. भिंतींवर काळा, ओलसर, डांबरासारखा थर आहे. स्क्रू ड्रायव्हरच्या टोकाने टोचल्यावर वरचा भाग मेणासारखा निघाला, पण त्याच्या खालचा भाग कोळशासारखा कडक लागला.

ब्रेक पॅड, ऑइल, फिल्टर, बॅटरी आणि एकदा वॉटर पंप एवढी कामे मी स्वतः केलेली आहेत. सॉकेटचा संच आणि टॉर्क रेंच जवळ आहे. मॅनिफोल्ड मात्र आजवर कधी उतरवलेला नाही. हे काम घरी करण्याजोगे आहे का? मॅनिफोल्ड न उतरवता, थ्रॉटलच्या तोंडातून स्प्रे मारून भागेल का? आणि जुने गॅस्केट (जोडातली गळती रोखणारी पट्टी) चांगले दिसत असेल तर तेच पुन्हा बसवता येईल का?

उत्तर: जुना_कारागीर

तुम्ही वॉटर पंप बदलला आहे, म्हणजे हे काम तुमच्या आवाक्यातले आहे. मात्र घाईने एका दुपारी उरकण्याचे हे काम नाही. मध्ये एक रात्र गाडी उघडी राहील, असे धरूनच सुरुवात करा.

आधी हा थर कशाचा आहे ते सांगतो, कारण पुढचे बरेच निर्णय त्यावर अवलंबून आहेत. ज्वलनाचे तापमान कमी राहावे आणि नायट्रोजनचे ऑक्साइड कमी तयार व्हावेत, म्हणून ईजीआर व्हॉल्व्ह एक्झॉस्टचा काही भाग पुन्हा इनटेकमध्ये सोडतो. त्या धुरात काजळी असते. एकटी काजळी कोरडी असते आणि तिचा मोठा भाग हवेबरोबर निघूनही जातो. पण क्रँककेसच्या (इंजिनाच्या खालच्या, ऑइल असलेल्या भागाच्या) ब्रीदरमधून, म्हणजे वाफ सोडणाऱ्या वाटेने, येणारी ऑइलची वाफही त्याच वाटेने इनटेकमध्ये येते. ती भिंतींना चिकटते, काजळीला धरून ठेवते, आणि वर्षानुवर्षे थरावर थर चढत जातो. तुमचा वरचा थर ओलसर आहे, याचा अर्थ ऑइल अजूनही येते आहे. ब्रीदरचा ऑइल सेपरेटर तुंबला आहे का आणि टर्बोच्या कॉम्प्रेसरच्या बाजूला नेहमीपेक्षा जास्त ऑइल आहे का, हे या कामातच पाहून घ्या. थर अगदी कोरडा आणि भुसभुशीत असता, तर मी आधी ईजीआर व्हॉल्व्ह उघडा अडकला आहे का ते पाहायला सांगितले असते आणि नंतर इंजेक्टरकडे वळलो असतो.

काळा धूरही याच गोष्टीमुळे येत असावा. वाट अरुंद झाल्यामुळे सिलिंडरला हवा कमी मिळते, डिझेल तेवढेच जाते, आणि जळायचे राहिलेले काजळी होऊन बाहेर पडते. त्यातला काही भाग ईजीआरमार्फत पुन्हा इनटेकमध्ये येतो, म्हणजे तुंबण्याचा वेग आपोआप वाढत जातो.

स्प्रेचा विचार डोक्यातून काढून टाका. पातळ धुरकट थरासाठी त्याचा थोडाफार उपयोग होत असेल, पण करंगळीएवढी वाट उरलेल्या मॅनिफोल्डमध्ये स्प्रे मारला तर कडक थराचे तुकडे सुटतात आणि व्हॉल्व्हकडे जातात. शिवाय डिझेल इंजिनाला स्प्रेमधले द्रावण म्हणजे इंधनच आहे, आणि ते इंजेक्टरच्या हिशेबाबाहेर आत जाते. चालू डिझेल इंजिनाच्या इनटेकमध्ये कोणतेही ज्वलनशील द्रव मारू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

कामाचा क्रम गाडीगणिक बदलतो, म्हणून तुमच्या मॉडेलची दुरुस्ती पुस्तिका समोर ठेवा. सर्वसाधारण वाट पुढीलप्रमाणे असते. इंजिन पूर्ण थंड होऊ द्यावे आणि बॅटरीची उणे बाजूची तार सोडवावी. वरचे आवरण, हवेची नळी, थ्रॉटल बॉडी, प्रेशर सेन्सर आणि ईजीआरची नळी या क्रमाने मोकळे करत जावे. प्रत्येक कनेक्टर काढण्यापूर्वी एक फोटो आणि काढल्यानंतर एक फोटो घ्यावा, आणि कागदी चिकटपट्टीवर क्रमांक लिहून तो कनेक्टरवर आणि त्याच्या जागेवर अशा दोन्हीकडे लावावा. जुन्या प्लॅस्टिकच्या क्लिपा थंडीत पटकन तुटतात, म्हणून त्या ओढू नका. कुलूप पूर्ण दबले आहे याची खात्री झाल्यावरच कनेक्टर सरकवा. ईजीआर कूलरमधून कूलंट फिरत असेल, तर ते आधीच पातेल्यात काढून घ्या. तसे न केल्यास नळी सुटताक्षणी ते हेडच्या (सिलिंडरांवरचा, व्हॉल्व्ह असलेला भाग) उघड्या तोंडांवर पडते.

मॅनिफोल्डचे बोल्ट बाहेरच्या टोकांपासून मध्याकडे थोडे थोडे सैल करत आणावेत. लांबी वेगवेगळी असू शकते, म्हणून पुठ्ठ्यावर मॅनिफोल्डची आकृती काढून प्रत्येक बोल्ट आपापल्या जागी खोचून ठेवावा. सगळे बोल्ट निघाल्यावरही मॅनिफोल्ड हलत नसेल, तर पटाशी घालून उचकटू नका. बहुतेक वेळा खालच्या बाजूला न दिसणारा एखादा बोल्ट किंवा आधाराची पट्टी राहिलेली असते. आरसा आणि टॉर्च घेऊन ती शोधा.

गॅस्केटबद्दल एकच उत्तर आहे. ते चांगले दिसत असले तरी नवीनच घाला. ईजीआर नळीचे आणि थ्रॉटल बॉडीचे गॅस्केटही त्याच वेळी बदला. जुने एकदा दबून बसलेले असते, पुन्हा आवळल्यावर ते तसेच सील करेल याचा भरवसा धरता येत नाही, आणि गळती निघाली तर सगळे काम पुन्हा करावे लागते.

उत्तर: मोजून_मापून

वरील उत्तरात क्रम नीट आलेला आहे. मी फक्त एका गोष्टीबद्दल लिहिते, कारण तिची किंमत मी स्वतः मोजली आहे. मॅनिफोल्ड साफ करणे हे कष्टाचे काम आहे, पण त्यात धोका फारसा नाही. मॅनिफोल्ड उतरवल्यापासून तो पुन्हा बसेपर्यंत हेडची तोंडे उघडी असतात, आणि खरा धोका त्या वेळात असतो.

चार वर्षांपूर्वी मी माझ्या गाडीचा मॅनिफोल्ड उतरवला. तोंडांमध्ये फडकी कोंबायची आहेत हे मला ठाऊक होते, आणि ती मी बाजूला काढूनही ठेवली होती. मॅनिफोल्ड हातात आल्यावर मात्र आधी तो नीट खाली ठेवावा, मग फडकी लावावीत, असे मनाशी म्हटले. मॅनिफोल्ड उचलताना त्याच्या काठावर राहिलेला एक वायसर घसरला. तो हेडच्या काठावर आपटला, तिथे उभा राहून अर्धा फेरा फिरला आणि दुसऱ्या सिलिंडरच्या तोंडात गेला. आत पडताना झालेला बारीक टणत्कार मला आजही स्पष्ट आठवतो. वायसर तांब्याचा होता, त्यामुळे चुंबकाचा काहीच उपयोग झाला नाही. तो व्हॉल्व्हच्या मागच्या खोबणीत अडकला होता. व्हॅक्यूमच्या नळीला बारीक लवचीक नळी जोडून, एंडोस्कोपच्या पडद्यावर पाहत, तो बाहेर काढायला मला संपूर्ण संध्याकाळ लागली. त्या वेळी तो व्हॉल्व्ह बंद होता, म्हणून मी वाचले.

चार सिलिंडरच्या इंजिनात, ते कोणत्याही स्थितीत थांबलेले असले तरी, निदान एका सिलिंडरचा इनटेक व्हॉल्व्ह थोडा तरी उघडा असतो. त्या तोंडात काही पडले, तर ते थेट पिस्टनच्या डोक्यावर जाते. डिझेल इंजिनात पिस्टन वर आल्यावर त्याच्या आणि हेडच्या सपाट भागात जेमतेम एक मिलिमीटरच्या आसपास जागा उरते. वायसर तर सोडाच, कडक काजळीचा मोठा खडाही तिथे नको.

म्हणून मॅनिफोल्ड दोन बोटे पुढे सरकला की तो तसाच एका हाताने धरून, दुसऱ्या हाताने किंवा सोबतच्या माणसाकडून, आधी सगळी तोंडे बंद करावीत. फडकी धागे न सुटणारी आणि एवढी मोठी असावीत, की त्यांचे टोक बाहेर लोंबत राहील. किती फडकी लावली तो आकडा कागदावर लिहून गाडीच्या काचेवर चिकटवावा आणि काढताना तेवढीच मोजून काढावीत. कागदी रुमाल वापरू नयेत; ओले झाले की ते आतच फाटतात. फडक्यांवरून रुंद चिकटपट्टी लावली, तर रात्रभरात धूळही जात नाही.

नवा_पाना

दोघांचेही मनापासून आभार. काल सकाळी कामाला सुरुवात केली आणि आज मॅनिफोल्ड टेबलावर आहे. पाच फडकी लावली आहेत, आकडा काचेवर चिकटवला आहे. मॅनिफोल्ड खरोखरच हलत नव्हता. खालच्या बाजूला आधाराची एक पट्टी होती, ती आरशात दिसली.

आता तीन अडचणी आहेत. पहिली अशी, की मॅनिफोल्ड ॲल्युमिनियमचा आहे, पण त्यात प्रत्येक सिलिंडरसाठी एक प्लॅस्टिकची पाकळी असून त्या सगळ्या एका दांड्यावर फिरतात. संपूर्ण मॅनिफोल्ड द्रावणात बुडवला तर चालेल का? दुसरी म्हणजे कोणते द्रावण वापरावे. एका परिचितांनी कॉस्टिक सोडा सुचवला आहे, तर दुसऱ्यांनी गॅसच्या ज्योतीने आतली काजळी जाळून टाकायला सांगितले आहे. तिसरी अडचण हेडच्या तोंडांची आहे. तिथेही बराच थर दिसतो. तो काढावा की तसाच सोडावा, हे मला ठरवता येत नाही.

उत्तर: द्रावण_आणि_धातू

तुम्हाला सुचवलेले दोन्ही उपाय करू नका. कॉस्टिक सोडा ॲल्युमिनियमला खातो. तो धातूवरचा ऑक्साइडचा संरक्षक थर विरघळवतो आणि मग खालच्या धातूशीच त्याची क्रिया सुरू होते. त्यातून हायड्रोजन वायू निघतो आणि द्रावण आपोआप तापत जाते. काजळी कदाचित निघेल, पण त्याबरोबर गॅस्केट बसण्याचा सपाट पृष्ठभागही खडबडीत होईल, आणि तो खडबडीत झालेला मॅनिफोल्ड नवीन गॅस्केट घालूनही गळेल. भट्ट्या आणि ओव्हन साफ करण्याची बरीच द्रावणे याच जातीची असतात. डब्यावर ॲल्युमिनियमसाठी सुरक्षित असे स्पष्ट लिहिलेले नसेल, तर ती वापरू नयेत.

ज्योतीबद्दलही कारणासह सांगतो. काजळी नुसत्या हवेत नीट जळण्यासाठी सुमारे ६०० अंश सेल्सियस तापमान लागते. शुद्ध ॲल्युमिनियम ६६० अंशांना वितळते, आणि अशा ओतीव भागांसाठी वापरली जाणारी सिलिकॉनमिश्रित ॲल्युमिनियमची मिश्रणे तर ५७५ अंशांच्या आसपासच मऊ होऊन वितळू लागतात. म्हणजे काजळी जळेपर्यंत ज्योत धरायची, तर मॅनिफोल्डही त्याच वेळी जायच्या बेतात असतो. आकार किंचित जरी वाकला, तरी तो हेडवर सपाट बसत नाही. तुमच्या बाबतीत प्लॅस्टिकच्या पाकळ्याही आहेत, त्या तर त्याच्या कितीतरी आधी जातील.

सर्वात सुरक्षित मार्ग सावकाश आहे. आधी कोरडे खरवडून घ्या. त्यासाठी लाकडाची किंवा कडक प्लॅस्टिकची पट्टी वापरा आणि आतल्या वळणांसाठी बाटल्या धुण्याचा लांब ब्रश घ्या. निम्म्याहून जास्त थर द्रावण न लावताच निघतो, हे तुमच्या लक्षात येईल. राहिलेल्यासाठी रॉकेल किंवा डिझेल लावून काही तास मुरू द्या, ब्रशने घासा, आणि मग पाण्यात मिसळणाऱ्या सौम्य डिग्रीझरने व गरम पाण्याने तेलकटपणा धुऊन काढा. पेट्रोल मुळीच वापरू नका. त्याची वाफ उणे ४० अंशांच्या सुमारासही पेट घेऊ शकते, म्हणून खोलीच्या तापमानाला एक ठिणगी पुरते. रॉकेल त्या मानाने बरे असले, तरी तेही गरम करायचे नाही. काम मोकळ्या हवेत करा, नायट्राइलचे हातमोजे घाला आणि डोळ्यांवर चष्मा लावा. ब्रशच्या केसांवरून उडणारे थेंब नेमके डोळ्यांच्या उंचीला येतात.

पाकळ्यांचा दांडा बाहेरून मोटरने किंवा व्हॅक्यूमने फिरत असेल, तर तो भाग आधी उतरवून ठेवा. विजेचा कोणताही भाग बुडवायचा नाही. पाकळ्या निघत नसतील तर मॅनिफोल्ड संपूर्ण बुडवू नका. तो कलता ठेवून एकेक वाट भरावी, मुरवावी आणि रिकामी करावी. दांड्याच्या दोन्ही टोकांना रबरी सील असतात आणि काही जातींचे रबर रॉकेलमध्ये फुगते. साफ करून झाल्यावर प्रत्येक पाकळी बोटाने हलवून पाहा. दांडा न फिरता एखादी पाकळी एकटीच हलत असेल किंवा तिच्या बुडाशी चीर असेल, तर तो मॅनिफोल्ड परत बसवू नका. सुटलेली पाकळी शेवटी सिलिंडरमध्येच जाते.

प्रेशर सेन्सरच्या छिद्रात तार किंवा ब्रश घालू नका. त्यावर इलेक्ट्रॉनिक भागांसाठीचा कॉन्टॅक्ट क्लीनर दुरून मारून तो स्वतःहून सुकू द्या. थ्रॉटलची पाकळी हाताने जोर लावून उघडू नका, कारण आतली दातेरी चाके प्लॅस्टिकची असतात. उरलेले काळे द्रावण नाल्यात न ओतता डब्यात भरून ठेवा आणि जुन्या ऑइलबरोबर द्या.

उत्तर: जुना_कारागीर

हेडच्या तोंडांबद्दल मी लिहितो. बंद व्हॉल्व्ह असलेल्या सिलिंडरचेच तोंड साफ करायचे, हा नियम काटेकोर पाळला तर काम करता येते. पुढच्या पुलीच्या बोल्टवर लांब दांड्याचा पाना लावून क्रँक हाताने फिरवा, आणि फिरवताना इंजिनाची नेहमीची दिशा ठेवा. फिरवण्याआधी पुढ्यातली सर्व फडकी जागेवर आहेत आणि त्यांचे कोणतेही टोक आत ओढले जाणार नाही, हे पाहा. ज्या सिलिंडरवर काम करायचे, त्याचे इनटेक व्हॉल्व्ह पूर्ण बसले आहेत याची टॉर्चने खात्री करा, फक्त तेवढेच फडके काढा, एका हाताने व्हॅक्यूमची नळी तोंडाशी धरून दुसऱ्या हाताने खरवडा. इथे द्रव वापरू नका. व्हॉल्व्हच्या दांड्याजवळचा शेवटचा पातळ थर राहिला तर राहू द्या. वाट मोकळी होण्याशी आपला संबंध आहे. धातू चमकण्याची गरज नाही. हात सरावलेला नसेल आणि थर बेताचाच असेल, तर तोंडाशी दिसणारा भाग काढून थांबलेले उत्तम.

तुम्ही उल्लेख केलेला नाही, पण पुष्कळ गाड्यांत उच्च दाबाच्या डिझेलच्या नळ्या मॅनिफोल्डच्या वरून जातात. कॉमन रेल इंजिन चालू असताना तिथला दाब १,६०० बारच्याही वर जाऊ शकतो, आणि एवढ्या दाबाची बारीक धार कातडीतून आत शिरते. बाहेरून जखम टाचणीएवढी दिसत असली, तरी ती तातडीने शस्त्रक्रिया करावी लागेल अशी असते. म्हणून या नळ्या इंजिन चालू असताना कधीही सैल करायच्या नाहीत, आणि बंद केल्यावरही पुस्तिकेत सांगितलेला वेळ थांबायचे. सोडवलेल्या नळ्या पुन्हा वापरायच्या नाहीत, असे अनेक कंपन्या सांगतात. सोडवली असल्यास दोन्ही तोंडांना लगेच स्वच्छ टोप्या लावा. इंजेक्टरच्या आतले अंतर मायक्रॉनमध्ये असते.

आता बसवण्याकडे वळू. दोन्ही पृष्ठभाग स्वच्छ पुसा आणि लोखंडी पट्टी आडवी धरून सपाटपणा पाहा. बोल्टचे आटे ब्रशने साफ करून प्रत्येक बोल्ट आधी हातानेच पूर्ण फिरवून पाहा. हाताने न फिरणारा बोल्ट पान्याने रेटला, की ॲल्युमिनियमचे आटे जातात. आवळताना मध्यापासून बाहेरच्या टोकांकडे जा, आणि दोन किंवा तीन फेऱ्यांत आवळा. आकडा तुमच्या पुस्तिकेतलाच घ्या. अंदाज यावा म्हणून सांगतो, ६ मिलिमीटरच्या बोल्टला साधारण १० न्यूटन-मीटर आणि ८ मिलिमीटरच्या बोल्टला २० ते २५ न्यूटन-मीटर एवढाच जोर लागतो. हाताच्या सवयीने आवळणारा माणूस ६ मिलिमीटरचा बोल्ट हमखास जास्त आवळतो.

सर्वात महत्त्वाचे म्हणजे मॅनिफोल्ड पूर्ण सुकलेला असला पाहिजे. धुतल्यावर तो वेगवेगळ्या बाजूंवर उलटा करून, दाबाच्या हवेने फुंकून, एक रात्र तसाच ठेवा. वळणाच्या पोटात अर्धी वाटी रॉकेल राहिले आणि इंजिन सुरू झाले, तर इंजिन तेच इंधन म्हणून ओढते आणि चावी बंद केली तरी थांबत नाही, उलट वेग वाढतच जातो. म्हणून पहिल्यांदा सुरू करताना दुसरा माणूस सोबत घ्या आणि हवेच्या नळीच्या तोंडावर घट्ट बसेल असा जाड लाकडी तुकडा तयार ठेवा. हवा तोडली की इंजिन थांबते. तोंडावर हात किंवा फडके कधीही धरू नका. हाताच्या गियरची गाडी असेल, तर वरच्या गियरमध्ये टाकून ब्रेक पूर्ण दाबून क्लच सोडणे हाही एक मार्ग आहे. माझ्या आयुष्यात हे मी एकदाच पाहिले, आणि त्या दिवसापासून न सुकलेला मॅनिफोल्ड मी कोणाला बसवू दिलेला नाही.

नवा_पाना

काम पूर्ण झाले आहे, म्हणून सविस्तर कळवतो.

कोरडे खरवडण्यातच दोन तास गेले, आणि निघालेली काजळी एका जुन्या डब्यात जवळजवळ काठोकाठ भरली. तिसऱ्या सिलिंडरची वाट सर्वात जास्त तुंबलेली होती. ईजीआरची नळी तिच्यासमोरच उघडते, म्हणून तसे झाले असावे. रॉकेलमध्ये एक रात्र मुरवल्यावर कडक थर सालीसारखा सुटला. पाकळ्या सगळ्या घट्ट आहेत, चिरा नाहीत. मॅनिफोल्ड धुतल्यानंतर दीड दिवस सुकत ठेवला. दुसऱ्या सकाळी सुकला असे वाटत असताना तो उभा करून हलवला, तेव्हा एका कोपऱ्यातून चमचाभर पाणी निघाले, म्हणून आणखी अर्धा दिवस थांबलो.

हेडच्या तोंडांत मी फक्त दिसणारा भाग काढला. फडकी पाच लावली होती, पाच मोजून काढली. उच्च दाबाच्या नळ्या माझ्या गाडीत सोडवाव्या लागल्या नाहीत. ब्रीदरचा सेपरेटर उघडला, तेव्हा त्याची आतली जाळी ऑइलच्या गाळाने पूर्ण बसलेली होती. तो भाग नवीन टाकला आहे.

पहिल्यांदा सुरू करताना लाकडी तुकडा घेऊन माझा भाऊ बॉनेटपाशी उभा होता. इंजिन पाच-सहा सेकंद जड फिरले, थोडा पांढरा धूर आला आणि मग ते स्थिर झाले. थरथर पूर्ण गेली आहे. फेरी मारली तेव्हा चढावर काळा धूर दिसला नाही. मात्र टर्बोचा जोर आला की बारीक शिटी ऐकू येते, ती आधी नव्हती. स्कॅनरवर नवा कोड नाही.

उत्तर: मोजून_मापून

ही शिटी बहुधा टर्बोच्या पुढच्या बाजूला कुठेतरी दाबाखालची हवा निसटल्याने येत असावी. सर्वात आधी थ्रॉटलला जोडलेली रबरी नळी काढून पाहा. तिचा क्लॅम्प नळीच्या कडेला बसला असेल, किंवा आतल्या ऑइलमुळे ती पूर्ण न बसता तिरपी राहिली असेल. दोन्ही बाजू कोरड्या पुसून, नळी कडेपर्यंत चढवून, क्लॅम्प पूर्वीच्या खुणेवर घ्या. तिथे काही सापडले नाही, तर वीस-पंचवीस किलोमीटर गाडी चालवून गॅस्केटच्या कडेने आणि ईजीआर नळीच्या जोडाशी टॉर्चने पाहा. गळणाऱ्या जागी ताजी काळी रेघ उमटते. गळती शोधण्यासाठी गरम इंजिनावर कोणताही ज्वलनशील स्प्रे मारू नका.

नवा_पाना

थ्रॉटलची नळीच होती. एका बाजूला ती सुमारे अर्धा सेंटिमीटर मागे राहिली होती आणि क्लॅम्प अर्धा रबरावर, अर्धा मोकळ्या धातूवर आवळला गेला होता. पुसून नीट चढवली, शिटी गेली. पी०४०१ पुसून आज १८० किलोमीटर झाले, तो परत आलेला नाही. ५,००० किलोमीटर झाल्यावर थ्रॉटल बॉडी काढून आतला थर ओला आहे की कोरडा ते पाहीन आणि इथे लिहीन.